धूळ शेतातली, दोष चालकाचा

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स आणि टूसॉन या शहरांच्या मधे आय-टेन महामार्गावर धुळीत गाड्या एकमेकींवर आदळल्या की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन तट पडतात. कोण कुठल्या तटात जाणार हे मला आता मेसेज उघडण्याआधीच ठाऊक असतं. पहिला तट म्हणतो, लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही; समोर धूळ उभी दिसतेय तरी ताशी ७५ मैलांनी आत घुसतात, मग दुसरं काय होणार? दुसरा तट म्हणतो, सरकार झोपलंय. वारं सुटणार हे कळत असतं तर रस्ता बंद का करत नाहीत, सेन्सर का बसवत नाहीत? शेवटी एखादा ज्येष्ठ सभासद ‘वाळवंटात राहायचं तर धूळ खायचीच’ असं म्हणून दोघांना गप्प करतो आणि विषय गणपतीच्या जेवणाच्या यादीवर येतो. माझा मुलगा टूसॉनला शिकतो. महिन्यातून दोनदा तरी हा रस्ता माझ्या वाट्याला येतो, त्यामुळे या भांडणात मला नुसती गंमत बघत बसता येत नाही. माझं म्हणणं असं आहे की तिघांचीही नजर डांबरावर आहे, आणि धूळ काही डांबरातून उठत नाही. ती कडेच्या ठरावीक जमिनींतून उठते. त्या जमिनी नकाशावर दाखवता येतात, त्यांना मालक आहेत, त्यांचे सातबारे निघतील. त्यांच्याविषयी अवाक्षर न काढता चालकाला शिकवत राहणं आणि रस्त्यावर फलक लावत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पहिल्या तटाला मी हसण्यावारी नेत नाही. अ‍ॅरिझोनाचं वाहतूक खातं कित्येक वर्षं लोकांकडून एकच मंत्र घोकून घेतंय: ‘पुल असाइड, स्टे अलाइव्ह’. धूळ अंगावर आली की डांबर सोडून जितकं बाहेर जाता येईल तितकं जायचं. गाडी उभी करायची, सगळे दिवे विझवायचे, चारही इंडिकेटरसुद्धा. हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा आणि पट्टा बांधलेलाच ठेवून आत बसून राहायचं. यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे आणि त्याने जीव वाचलेले आहेत. पण आपल्याकडे घडलेल्या हाताला यातलं ‘दिवे बंद’ पचत नाही. खंडाळ्याच्या धुक्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून घाट उतरलेली माणसं आपण; दिवा म्हणजे आधार. इथे तोच दिवा घात करतो. मागून आंधळा झालेला चालक तुमचे मागचे दिवे बघून रस्ता तिकडेच आहे असं समजतो आणि सरळ येऊन तुमच्यावर आदळतो. आई भारतातून आली होती तेव्हा याच रस्त्यावर ईलॉय गावाच्या अलीकडे डाव्या हाताला एक तपकिरी पडदा दिसला. आई म्हणाली, “वळीव येतोय गं, कुणाचं वाळवण असेल तर भिजलं बघ.” मी हसले, आणि हसू ओठांवर असतानाच गाडीचं बॉनेट दिसेनासं झालं. चाचपडत उजवीकडे बाहेर घेतली, थांबले, आणि हात गेला तो थेट चारही इंडिकेटर लावायच्या बटणावर. तो मंत्र मला तोंडपाठ होता. गटावर चार वेळा मीच तो पाठवलेला होता.

पाठ असून हात चुकतो, तिथेच पहिल्या तटाच्या युक्तिवादाला भोक पडतं. आणि समजा हात चुकला नाही, तर? हिशेब करून बघू. ताशी ७५ मैल म्हणजे सुमारे १२० किलोमीटर. गाडी सेकंदाला ३३ मीटर पळते. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ५० मीटर गेले, मग कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी आणखी ८० मीटर. समोरचं ३० मीटरच्या पलीकडे दिसत नसेल तर खेळ आधीच संपला. बरं, एखाद्याने शहाणपणाने वेग निम्म्यावर आणला, ताशी ६० किलोमीटरवर. भान येईपर्यंत २५ मीटर, थांबेपर्यंत आणखी २०. एकूण ४५. म्हणजे शहाणासुद्धा १५ मीटरने कमीच पडतो. आणि एखादा घाबरून लेनमध्येच थांबला, तर मागच्या माल भरलेल्या ट्रकला तो दिसणारही नाही. अशा वेळी शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी बरोबर वागून भागत नाही. शंभरावा चुकला की नव्व्याण्णवांपैकी कोण मरणार हे नशीब ठरवतं. ज्या व्यवस्थेत प्रत्येकाने, त्याच दोन सेकंदांत, सवयीच्या उलट वागलं तरच सगळे जगतात, तिला सुरक्षितता म्हणायचं का?

मोटारींच्या बाबतीत हा वाद अमेरिकेने एकदा लढून संपवलेला आहे. १९६०च्या दशकापर्यंत मोटार कंपन्यांचा सूर हाच होता: गाडी उत्तम आहे, वाईट आहे तो ती चालवणारा. १९६६ साली संघराज्याने कायदा करून गाड्यांच्या बांधणीसाठी सुरक्षेचे नियम घालून देण्याचा अधिकार घेतला. पट्टे आले, धडकेत छातीत न घुसणारे स्टिअरिंगचे दांडे आले, रस्त्यांच्या कडा सुधारल्या. आज तेवढ्याच अंतरामागे होणारे मृत्यू तेव्हाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शावर आले आहेत. या साठ वर्षांत चालक चौपट शहाणे झाले, असं कोणी म्हणेल का? तेही खिशात मोबाईल घेऊन?

दुसऱ्या तटाकडे वळू. त्यांचा सेन्सरचा हट्ट वाया गेलेला नाही. ईलॉय ते पिकाचो पीक हा डोंगर या सोळाएक किलोमीटरच्या पट्ट्यात धूळ ओळखणारी यंत्रणा २०२० पासून चालू आहे: हवेतले कण मोजणारे १३ सेन्सर, लांबचं वादळ बघणारं एक रडार, आणि वेगमर्यादा बदलणारे फलक. हवा गढूळ झाली की ७५ चा आकडा उतरत उतरत ३५ पर्यंत येतो. मी तो उतरताना पाहिला आहे आणि मला धीर वाटला होता, हे कबूल. पण सेन्सर काय सांगतो? धूळ आली, एवढंच. ती येऊ नये म्हणून त्याला काहीच करता येत नाही. आणि पट्टा सोळा किलोमीटरचा. फिनिक्स-टूसॉन अंतर त्याच्या दहापटीहूनही थोडं जास्त. ‘रस्ता बंद करा’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या या महामार्गावर ट्रकांची माळ कधी तुटत नाही. शेतातून उठलेला लोट दहा मिनिटांत येऊन जातो. पोलिसांची गाडी आडवी लागेपर्यंत तो ओसरलेला असतो, आणि बंद रस्त्यामागे लागलेली निश्चल रांग पुढच्या लोटात सापडली तर तीच मागून येणाऱ्यांचं लक्ष्य होते. न्यू मेक्सिकोत लॉर्ड्सबर्गजवळ याच आय-टेनच्या बाजूला एक कोरडं तळं आहे. तिथे धूळ कुठून उठते हे पोराबाळांना ठाऊक आहे, दोन्ही बाजूंना इशाऱ्याच्या पाट्या आहेत, रस्ता अनेकदा बंदही करतात. तरी जून २०१७ मध्ये एका दुपारी २५ गाड्या आदळून ६ माणसं गेलीच.

राहिले ते ज्येष्ठ सभासद. तिघांत त्यांचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्याला जरा जास्त जागा देते. ५ जुलै २०११ च्या संध्याकाळी फिनिक्सवर जी भिंत चालून आली ती दीड किलोमीटर उंच आणि सुमारे १६० किलोमीटर रुंद होती. पावसाळी ढग कोसळतो, त्यातली गार जड हवा खाली आपटून चहूकडे पसरते आणि वाटेतली माती उचलून पुढे ढकलत नेते. वळवाच्या आधी अंगणात जे होतं तेच, फक्त अंगण पन्नास गावांएवढं. ही भिंत कुठल्या बांधाने, कुठल्या झाडोऱ्याने अडणार? नाही अडणार. २०२१ च्या जुलैत यूटामध्ये आय-फिफ्टीनवर ८ जण गेले, २०२२ च्या जुलैत मोंटानात आय-नाइन्टीवर ६. दोन्ही वेळा वादळी ढगाखालचा असाच वारा कारण होता. हे सगळं मान्य. (त्या २०११च्या भिंतीनंतर इथल्या वर्तमानपत्रात काही वाचकांनी निषेधाची पत्रं लिहिली होती, पण ती धुळीविरुद्ध नव्हती, बातम्यांत अशा धुळीच्या भिंतीला ‘हबूब’ हा अरबी शब्द का वापरता, यावर होती. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ १९७२ पासून तो शब्द अ‍ॅरिझोनासाठी वापरत आले होते. नावावरून भांडायला आम्ही इथेही कमी पडत नाही.)

पण या महाकाय भिंतीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या: ती दिसते. तासभर आधी रडारवर दिसते, मग क्षितिजावर दिसते, सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडतात, माणसं पेट्रोल पंपावर गाड्या लावून फोटो काढत बसतात. ज्यांना बाहेर पडायचं त्यांना बाहेर पडायला सवड मिळते. धोका अधिक आहे तो लहान लोटाचा. आभाळ निळं, ऊन लख्ख, वारा जरा जोराचा, आणि एका मोकळ्या शेतावरून दोन-तीनशे मीटर रुंदीचा पट्टा रस्त्यावर आडवा येतो. रडारला तो दिसेलच असं नाही, फोन वाजेलच असं नाही. २९ ऑक्टोबर २०१३ ला पिकाचोजवळ १९ गाड्या आदळून ३ माणसं गेली तेव्हा पावसाळा सरून महिना झाला होता. हवामान खात्याच्याच एका अहवालात १९५५ ते २०११ या काळात अ‍ॅरिझोनात धुळीने घेतलेले बळी १५७ दिले आहेत. गारपीट, वीज, थंडी यांची नावं आपण भीतीने घेतो. धुळीचं नाव कपडे झटकताना घेतो.

आणि ‘वाळवंट म्हणजे धूळ’ हे समीकरण मुळातच चुकीचं आहे. अस्पर्श वाळवंट धुळीच्या बाबतीत मोठं चिक्कू असतं. वाऱ्याने उडण्यासारखं होतं ते शतकानुशतकं उडून गेलेलं असतं. वर उरते ती खड्यांची फरसबंदी, नाहीतर सूक्ष्म शैवाळ आणि दगडफुलांनी विणलेली एक काळपट खपली, जी खालची माती घट्ट धरून ठेवते. त्या खपलीवरून एक जीप गेली की ती मोडते आणि भरून यायला कित्येक दशकं लागतात. म्हणजे धूळ वाळवंट देत नाही, मोडलेलं वाळवंट देतं: नांगरून सोडलेलं शेत, घरं बांधायला बुलडोझरने सपाट करून मग बाजार पडला म्हणून तसाच टाकलेला प्लॉट, आटवलेलं तळं. पटत नसेल तर वाळवंटाबाहेरच्या जागा बघा. ८ एप्रिल २०११ ला जर्मनीत बाल्टिकच्या बाजूला, रोस्टॉक शहराजवळ, ए-नाइन्टीन महामार्गावर ८० हून अधिक गाड्या धुळीत आदळल्या आणि ८ माणसं मेली. बाल्टिकच्या काठी कुठलं आलंय वाळवंट? कोरडा वसंत आणि बाजूची मोकळी शेतं, बस. १ मे २०२३ ला इलिनॉयमध्ये, म्हणजे मक्याच्या काळ्या जमिनीच्या मुलखात, आय-फिफ्टीफाइव्हवर ७२ गाड्या, किमान ७ मृत्यू. पेरणीसाठी नुकत्याच तयार केलेल्या रानातली माती. आणि या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे २९ नोव्हेंबर १९९१, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीची गर्दी, कॅलिफोर्नियात कोअलिंगाजवळ आय-फाइव्ह: १०४ गाड्या, १७ मृत्यू. दुष्काळाचं पाचवं वर्ष होतं, पाणी नाही म्हणून आजूबाजूची रानं पड होती. तिन्ही ठिकाणी चालक वेगवेगळ्या मुलखांचे, वेगवेगळ्या सवयींचे. सारखी होती ती एकच गोष्ट, आणि ती कुंपणाच्या पलीकडे होती.

मग आपण कुंपणाच्या पलीकडे का बघत नाही? एक कारण कागदोपत्री आहे, आणि मला ते सगळ्यात जास्त झोंबतं. हवेतल्या धुळीवर संघराज्याचा कायदा मर्यादा घालतो. मर्यादा ओलांडली तर राज्याला उपाय करावे लागतात. पण त्याच कायद्यात ‘अपवादात्मक घटना’ नावाची एक खिडकी आहे. वादळामुळे आकडा वर गेला असं राज्याने सिद्ध केलं की तो दिवस हिशेबातून वगळता येतो. २०११ च्या उन्हाळ्यातले अ‍ॅरिझोनाचे असे कित्येक दिवस वगळले गेले. नियमामागचा विचार गैर नाही. वाऱ्याला दंड कोण करणार? पण परिणाम असा की ज्या दिवशी धूळ सर्वांत घातक, नेमका तोच दिवस वहीत कोरा. वाहतूक खात्याच्या लेखी ती चालकाची चूक, पर्यावरण खात्याच्या लेखी ती देवाची करणी. जमीन बापडी दोन्ही वह्यांतून सुटली. (याच धुळीतून फुप्फुसात जाणाऱ्या बुरशीमुळे इथे ‘व्हॅली फीव्हर’ होतो, वर्षाला साधारण १०,००० रुग्ण; पण ते आजारपण तिसऱ्याच खात्याकडे.)

इथे माझ्यावर उलटणारा आक्षेप मला ठाऊक आहे: म्हणजे आता चालकाला सोडून शेतकऱ्याला धरणार का? फिनिक्स आणि टूसॉनच्या मधल्या पिनाल परगण्यात कापूस आणि अल्फाल्फाचा चारा पिकवणाऱ्याने जमीन हौसेने पड टाकलेली नाही. कोलोरॅडो नदी आटत गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये टंचाईची पहिली अधिकृत घोषणा झाली, आणि २०२२ पासून कालव्याचं पाणी सर्वांत आधी तुटलं ते त्याचं, कारण हक्काच्या उतरंडीत तो सर्वांत खाली होता. त्याच्यावर दंड लावणं म्हणजे आधी पाणी काढून घ्यायचं आणि मग जमीन सुकली म्हणून शिक्षा करायची. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी दंडाचं बोलत नाही, मी मजुरीचं बोलते आहे. पड रानात पिकाची धसकटं तशीच उभी ठेवणं, ढेकळं मोठी ठेवून नांगरणं, वाऱ्याच्या तोंडाला झाडोरा लावणं, महामार्गाला लागून असलेल्या पट्ट्यात तरी कमी पाण्याचं गवत धरणं, ही कामं आहेत, आणि कामाला पैसे पडतात. १४ एप्रिल १९३५ ला मैदानी राज्यांवर धुळीचं प्रचंड वादळ आलं; त्या ‘काळ्या रविवारा’नंतर दोन आठवड्यांच्या आत अमेरिकी काँग्रेसने मृदसंधारणाचा कायदा केला. ह्यू बेनेट नावाचा अधिकारी समितीपुढे साक्ष देत असताना पश्चिमेकडची धूळ थेट वॉशिंग्टनच्या खिडक्यांवर आली, असं सांगतात. त्यानंतर सरकारने शेतकऱ्याला शिव्या दिल्या नाहीत, माती राखायचे पैसे दिले, आणि १९४२ पर्यंत मैदानी राज्यांत वारा अडवायला २२ कोटी झाडं लावून घेतली. आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीवर बांध घातले, नाले अडवले. माती जागेवर ठेवणं हे सार्वजनिक काम आहे आणि त्याचे दाम तिजोरीतून द्यायचे, हे आमच्या आजोबांनी खडी फोडता फोडता शिकवलेलं आहे.

‘पण एवढ्या मोठ्या मुलखात हे जमणार का?’ कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स तळ्याकडे बघा. १९१३ साली लॉस एंजेलिसने कालवा काढून त्या तळ्यात जाणारं नदीचं पाणी शहराला नेलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तळं आटलं आणि देशातल्या सर्वांत वाईट धुळीचं ठिकाण झालं. कित्येक दशकं लोक तेच म्हणत राहिले, वाळवंट आहे, चालायचंच. मग कोर्टकज्जे झाले, आणि शहराला तळाच्या जमिनीवर उथळ पाणी सोडणं, मिठाच्या जमिनीत तगणारं गवत लावणं, खडी पसरणं भाग पडलं. दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. धूळ खाली बसली. पिनालच्या रानांना तेवढं लागणारही नाही. सगळा परगणा झाकायचा नाही, वाऱ्याच्या दिशेने महामार्गाला भिडणारे ठरावीक तुकडे झाकायचे आहेत, आणि ते कुठले हे तेरा सेन्सरांच्या नोंदीच सांगतील.

ओवेन्समधली मला महत्त्वाची वाटते ती बिलाची बाजू. पैसे धूळ खाणाऱ्यांनी भरले नाहीत, पाणी नेणाऱ्यांनी भरले. पिनालच्या शेतकऱ्याचं पाणी तुटलं त्या वर्षी आम्हा शहरवाल्यांच्या नळाची धार जराही बारीक झाली नाही. फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या माझ्या अंगणात बोगनवेल आहे, लिंबू आहे, शेजाऱ्याकडे पोहण्याचा हौद आहे. पाणीपट्टीत महिन्याला दोन-चार डॉलर वाढवून ते आय-टेनच्या कडेची रानं झाकायला दिले तर मी भरीन, असं मागच्या वेळच्या भांडणात मी गटावर लिहिलं. तीन अंगठे आले. एकाने विचारलं, पाणीपट्टीचा आणि अपघाताचा काय संबंध? आणि ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं, “ताई, तुम्ही आधी ते इंडिकेटर बंद करायला शिका.”